एटीव्हीचं फोर व्हील लागेना, त्यात स्क्रूची डोकी गेलेली. आधी काय करावं?

बालाघाटकर
नमस्कार मंडळी. भूम तालुक्यात डोंगराच्या अंगाला आमचं रान आहे. वरचं मुरमाड, नाल्याकाठचं काळं. दुभती जनावरं बरीच आहेत, दूध खव्याच्या भट्टीवर जातं. पावसाळ्यात खालच्या रानातून वैरण आणि दुधाचे कॅन वर आणायचे म्हटलं तर मोटारसायकल चालत नाही आणि ट्रॅक्टर नेला तर बांध मोडतो. म्हणून वडिलांनी बंद पडलेल्या एका रिसॉर्टकडून जुनी एटीव्ही, म्हणजे कच्च्या रानात चालणारी हँडलची चारचाकी, घेतली. जपानी बनावट, चारशे सीसीच्या आसपास, हँडलवर टू व्हील-फोर व्हीलचं बटण.

२०२५ च्या सप्टेंबरात पूर आला तेव्हा शेडात पाणी शिरलं आणि गाडी सीटच्या खालपर्यंत बुडाली. इंजिन, कार्ब्युरेटर, ब्रेक सगळं नंतर साफ करून घेतलं. गाडी चालू आहे. पण तेव्हापासून फोर व्हील लागत नाही. बटण दाबलं की दिवा मिचमिचत राहतो, पुढची चाकं ओढत नाहीत. काळ्या रानात मागची दोन चाकं जागीच फिरतात आणि गाडी पोटावर बसते.

एका गॅरेजवाल्याने मोटर गेली असं सांगून पुढच्या डिफरन्शियलवरची (पुढच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावरची) फोर व्हीलची मोटर काढायला घेतली. चार स्क्रूंपैकी दोन निघाले. उरलेल्या दोघांची फुली पार गोल करून गाडी परत दिली. आता माझे दोन प्रश्न. मोटरच गेली आहे हे न उघडता कसं ओळखायचं? आणि ते दोन स्क्रू डिफरन्शियलच्या अॅल्युमिनियमला धक्का न लावता कसे काढायचे? नवं डिफरन्शियल परवडणारं नाही आणि मिळतही नाही. पाऊस तोंडावर आलाय.

मोसंबीवाला
भूमचे म्हणजे कुंथलगिरीचे शेजारी. गाडी नीट झाली की पेढे लागतील, धाग्यावर आधीच नोंद करून ठेवतो.

एक सांगा, पुढचे टायर मूळ मापाचेच आहेत ना? आमच्याकडे अंबडला एकाच्या गाडीला पुढं वेगळ्या उंचीचे टायर टाकले होते. पुढच्या-मागच्या चाकांचा हिशोब जुळेना, फोर व्हील एकतर लागायचं नाही, नाहीतर लागलेलं सुटायचं नाही.

वाळूज फिटर
बालाघाटकर, स्क्रूला आत्ता अजिबात हात लावू नका. "मोटर गेली" हे कुणी मीटर लावून सांगितलंय का? नसेल तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला व्हायचं. मी वाळूज एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मशीन कुठलंही असो, आधी बिघाडाची जागा पक्की करायची, मग पाना उचलायचा.

तुमच्या गाडीत बटण दाबल्यावर छोटी मोटर डिफरन्शियलच्या आतला काटा सरकवते. काटा एक दातेरी कॉलर सरकवतो, तिचे दात समोरच्या दातांत बसले की पुढची चाकं इंजिनला जोडली जातात. म्हणजे बिघाड पाच ठिकाणी असू शकतो: बटण, वायरिंग आणि फ्यूज-रिले, मोटर, आतला काटा-कॉलर, किंवा दिव्याला खबर देणारा जागेचा स्विच. शेवटचा एकटा गेला असेल तर फोर व्हील प्रत्यक्षात लागतं आणि दिवा तेवढा खोटं बोलतो. तुमची चाकं ओढत नाहीत म्हणता, तरी हे चिखलात नाही, घरी तपासा.

गाडीचं पुढचं तोंड उचला आणि फ्रेमखाली भक्कम ओंडके लावा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. मागची चाकं जमिनीवर, गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद, चावी चालू. बटण दाबा आणि डिफरन्शियलला कान लावा. घर्र किंवा टक् असा आवाज यायला हवा. मग दोघांनी मिळून पुढची दोन्ही चाकं एकाच वेळी पुढच्या दिशेने फिरवा. दोन्ही मोकळी फिरली तर फोर व्हील लागलेलं नाही. अडली तर लागलं. एकच चाक फिरवून निर्णय घेऊ नका, डिफरन्शियलमुळे दुसरं उलटं फिरतं आणि माणूस फसतो.

दाताचं टोक समोरच्या दाताच्या टोकावर आलं तरीही लागत नाही, त्यामुळे बटण दाबून चाकं जराशी मागं-पुढं हलवून बघा. दिवा मिचमिचतो म्हणजे हुकूम गेलाय पण काम पुरं झाल्याची खबर आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गोदाकाठ
वरच्या प्रतिसादाला +१. मी नांदेडला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवते, त्यामुळे वायरिंगचं मी सांगते.

पहिलं बॅटरी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२ च्या खाली गेलेल्या बॅटरीवर दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण ही मोटर काटा ढकलत नाही. मग फ्यूज काढून बघा, आणि डोळ्यांनी नाही, मीटरने बघा.

पुढे मोटरचं कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, सोडवा. पाण्यात राहिलेल्या गाडीत तिथे हिरवट-पांढरी बुरशी हमखास सापडते. बऱ्याच गाड्यांत दोन जाड वायर मोटरच्या असतात आणि बारीक वायर जागेच्या स्विचच्या. बटण दाबून जाड वायरींच्या दोन टोकांवर मीटर लावा. टू व्हीलकडून फोर व्हीलकडे आणि उलट करताना प्लस-मायनस उलटे होतात, कारण मोटर दोन्ही दिशांनी फिरायला हवी.

पण नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नका. वायर आतून कुजून तिचा एखादाच तार शिल्लक असेल तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतं. त्याच टोकांना मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब जोडा आणि बटण दाबा. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग ठीक. मिणमिणला तर कपलर, अर्थिंग किंवा हँडलवरचं बटण यांच्यापैकी काहीतरी करंट खातंय. वायरिंग ठीक निघालं तर मोटरला बॅटरीवरून थेट करंट द्या, मध्ये फ्यूज घालून आणि क्षणभरच. उलटसुलट दोन्ही बाजूंनी द्या. हलली तर मोटर जिवंत. नाही हलली तरच ते स्क्रू.

उदगिरी
ताई, मस्त सांगितलं. बल्बची गोष्ट आमच्या मिस्त्रीला बी दाखवायलोय.

बालाघाटकर भाऊ, उंदराचं बघा आधी. आमच्याकडं सोयाबीनच्या पोत्याशेजारी गाडी उभी राहिली की वायर गेलीच म्हणून समजा. सीट काढून फ्रेमच्या आतून टॉर्च मारा.

तिफण
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ही गाडी आपल्या मुलखासाठी नाहीच. सुटे भाग मिळत नाहीत, मिस्त्री मिळत नाही, ऑफ-रोड म्हणून विकलेली असल्याने डांबरी रस्त्यावर आणता येत नाही. त्या पैशात जुना फोर व्हीलचा मिनी ट्रॅक्टर आला असता. फवारणी, कोळपणी, ट्रॉली सगळं करतो. दूधही आणतो.

बालाघाटकर
तिफण, राग कसला. मिनी ट्रॅक्टर आम्हीही बघितला होता. पण आमच्या खालच्या रानात जायची वाट म्हणजे दोन बांधांमधली पायवाट आहे, शेजाऱ्याच्या बांधाला चाक लागलं की वाद. शिवाय वजनाचा मुद्दा आहे. ट्रॅक्टर काळ्या रानात रुतला तर काढायला दुसरा ट्रॅक्टर लागतो. ही गाडी रुतली तर चौघे मिळून उचलून बाजूला ठेवतो.

बाकीच्यांना: टायर मूळ मापाचेच आहेत. बॅटरी नवीन आहे. चाकं उचलून बघितली, दोन्ही मोकळी फिरतात, आवाज अजिबात येत नाही. मल्टीमीटर भाच्याकडून आणतोय, त्यानंतर बल्बचा प्रयोग करतो.

पेचकस
स्क्रूवर मी बोलतो, कारण जालन्यात माझं नट-बोल्टचं दुकान आहे आणि गोल झालेली फुली घेऊन येणारं गिऱ्हाईक रोजचं.

जपानी गाडीवरची फुली आणि आपल्या हातातला नेहमीचा फुलीचा पेचकस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला फिलिप्स पद्धतीचा. जोर वाढला की तो खाचेतून वर उसळतो, आणि प्रत्येक वेळी उसळताना खाचेची धार खातो. जपानी पद्धतीची फुली, जिला जेआयएस म्हणतात, तिची खाच वेगळ्या घडणीची असते आणि तिला त्याच पद्धतीचा बिट पुरा बसतो. बऱ्याच जपानी स्क्रूंच्या डोक्यावर फुलीशेजारी बारीक ठिपका असतो, तीच खूण. ठिपका दिसला की साधा फिलिप्स लावू नका. शिवाय माप: सहा मिलिमीटरच्या स्क्रूला ३ नंबरचा बिट लागतो. गॅरेजात २ नंबरचा घालून फिरवतात आणि तिथेच डोकं जातं.

आता तुमचे दोन गेलेलेच आहेत, तरी आशा आहे. फुलीत थोडी जरी खाच शिल्लक असेल तर योग्य बिट लावा, त्यावर हातोडीने सरळ दोन-चार ठोके द्या. ठोक्याने बिट खाली बसतो आणि आट्यांतला गंजही हादरतो. मग हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. त्यावर मागून घण मारला की तो एकाच वेळी खाली दाबतो आणि थोडंसं फिरवतो. दिशा उघडायच्या बाजूला लावली आहे ना हे आधी हाताने फिरवून बघा. तो आणि बॅटरीवरचा इम्पॅक्ट या दोन गोष्टी आहेत, मला हातोडीचाच म्हणायचाय.

उदगिरी
पेचकस काका, व्हॉल्व घासायची पेस्ट राहिली की! ग्राइंडिंग पेस्ट. बिटच्या टोकाला जराशी लावली की खरखरीत होऊन पकड येते. लई वेळा काम झालंय हिच्यानं. छोटा डबा कुठल्याही ऑटो पार्टवाल्याकडं मिळतो.

पेचकस
बरोबर उदगिरी, पेस्ट चालते. रबर लावून फिरवायचं जे व्हिडिओत दाखवतात ते मात्र लाकडातल्या स्क्रूला. अॅल्युमिनियममध्ये जाम झालेल्या पोलादी स्क्रूला रबर काही करत नाही.

वसमतकर
इतकं कशाला? डोक्यावर नट ठेवा, नटाच्या भोकातून वेल्डिंगचा टाका मारा, गार होऊ द्या आणि पान्याने फिरवा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच स्क्रू सैल होतो. हळदीच्या बॉयलरचे जाम झालेले बोल्ट आम्ही असेच काढतो.

वाळूज फिटर
वसमतकर, बॉयलरला ते शंभर टक्के योग्य. इथे नको. मोटरचं घर बऱ्याचदा प्लॅस्टिकचं असतं, खाली रबरी ओ-रिंग, शेजारी ऑइल सील, वर पेट्रोलची टाकी. वेल्डिंग करायचंच झालं तर बॅटरीची दोन्ही टोकं काढा, इग्निशनच्या डब्याचं कपलर सोडवा, टाकी उतरवा. एवढं करण्यापेक्षा सोपे रस्ते शिल्लक आहेत.

उष्णतेचं तत्त्व मात्र खरं आहे, ते दुसऱ्या पद्धतीने वापरा. तापवल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून स्क्रू नाही, त्याच्या भोवतीचं अॅल्युमिनियम तापवा, हॉट एअर गनने. पाण्याचा थेंब टाकला की चरचरेल इतपत पुरे. लगेच इम्पॅक्ट ड्रायव्हर मारा. त्याच्या आदल्या रात्री जाम सोडवणारं ऑइल सोडून ठेवा. नसेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल) आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं. ते पटकन पेट घेतं, म्हणून तापवायच्या आधी पुसून पूर्ण वाळू द्या.

नाथसागर
वाचनखूण करून ठेवली. पैठणला आमच्याकडे पोलारिस कंपनीची एटीव्ही आहे. वरची दोन्ही चाकं फिरवून बघायची चाचणी आमच्या गाडीलाही चालेल का?

वाळूज फिटर
नाही, ती तिथे लावू नका, चुकीचा निकाल येईल. पोलारिसच्या बहुतेक गाड्यांत काटा सरकवणारी मोटरच नसते. पुढच्या गिअरकेसमध्ये विजेची कॉइल असते. बटण चालू असताना मागची चाकं घसरली की तिच्या चुंबकामुळे रोलर अडकतात आणि तेव्हाच पुढची चाकं ओढायला लागतात. मागची चाकं घसरत नाहीत तोवर पुढची जोडलीच जात नाहीत. तिथे कॉइलचा रेझिस्टन्स मोजायचा, बऱ्याच मॉडेलांत तो २४ ओहमच्या आसपास असतो. मॅन्युअलशी ताडून घ्या. आणि त्या गिअरकेसमध्ये त्यांनी सांगितलेलंच ऑइल घाला, दुसऱ्या ऑइलने रोलर नीट पकडत नाहीत.

मोसंबीवाला
अवांतर: काळ्या रानात गाडी चालवणाऱ्यांनी टायरची हवा बघा. पंक्चरवाला सवयीने मोटारीइतकी हवा भरून देतो. एटीव्हीच्या टायरला बहुधा पाच ते सात पीएसआयच लागते, टायरच्या बाजूवर किंवा फेंडरवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टणक टायर चिखलात टेकतो तिथेच खणत जातो. आमच्या बागेत हवा बरोबर केल्यावर फोर व्हीलची गरजच निम्म्याने कमी झाली.

तिफण
अवांतराला अवांतर. मोसंबीवाला, यंदा आंबे बहाराचं काय? पाणी पुरलं का?

मोसंबीवाला
पुरलं, शेततळ्याने तारलं. फळगळ थोडी आहे. त्यावर वेगळा धागा काढतो, इथे बालाघाटकरांचं काम होऊ द्या.

बालाघाटकर
अहवाल देतो. गोदाकाठ ताईंनी सांगितल्याप्रमाणे सगळं क्रमाने केलं. फ्यूज ठीक. कपलरमध्ये बुरशी होती, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ब्रशने साफ केली. बल्ब लख्ख पेटतो, दोन्ही दिशांना. मग मोटरला थेट करंट दिला. हूं नाही की चूं नाही. म्हणजे आता मोटर काढावीच लागणार हे पक्कं झालं.

स्क्रूंचं असं: ठिपका आहे! जेआयएस बिट बार्शीला मिळाला नाही, ऑनलाइन मागवला. रात्रभर ऑइल सोडलं, तापवलं, ग्राइंडिंग पेस्ट लावून इम्पॅक्ट ड्रायव्हर मारला. एक स्क्रू सुटला, टक्क आवाज आला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याची मात्र फुली आता बशी झाली आहे. त्याला आता हेक्सा ब्लेडने आडवी खाच पाडू का?

पेचकस
डोकं बाहेर उभं असेल आणि ब्लेड सरळ जात असेल तर खाच पाडता येते, पण डोकं बशी झालेलं म्हणजे खाचेच्या दोन्ही बाजूंना मांस थोडंच उरेल आणि जोर देताच ते तुटेल. छन्नी हाही एक मार्ग आहे, डोक्याच्या कडेवर तिरकी लावून उघडायच्या दिशेने ठोकायची. पण छन्नी निसटली तर अॅल्युमिनियमवर घाव बसतो, आणि मोटरची सीट तिथेच आहे. ड्रिलकडे वळा.

वाळूज फिटर
सहमत. ड्रिल म्हटलं की लोक स्क्रूच्या पोटात भोक पाडून ईझी आउट (अडकलेला स्क्रू आतून धरून उलटा फिरवायचं हत्यार) घुसवायला बघतात. तुमच्या कामात ती पहिली पायरी नाही. ईझी आउट कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलने कापता येत नाही आणि मग डिफरन्शियल खरंच गमावलं.

तुम्हाला फक्त डोकं उडवायचंय. स्क्रू जाम का होतो? थोडा आट्यांतल्या गंजाने, आणि बराचसा डोक्याखालच्या ताणाने. डोकं गेलं की ताण गेला. मोटर वर उचलून निघते आणि स्क्रूचा दांडा बोटभर बाहेर उरतो, त्याला लॉक प्लास लावता येतो. बऱ्याचदा तो हाताने फिरतो.

पद्धत: डोक्याच्या मध्यावर सेंटर पंच. नीट मध्यावर. मग ३ मिलिमीटरचं ड्रिल, डोक्याच्या जाडीइतकंच खोल. मग ६ चं किंवा साडेसहाचं. वेग कमी, दाब जास्त, मध्ये थेंबभर ऑइल. डोकं कडी होऊन ड्रिलवर फिरायला लागलं की थांबा. बाजारात डाव्या फिरकीचं ड्रिल मिळतं, ते मिळालं तर फारच छान, कारण ते कापता कापता स्क्रू उघडायच्याच दिशेला ओढतं. मोटरच्या भोवती ग्रीस लावलेलं फडकं गुंडाळा, चुरा ग्रीसला चिकटतो. मोटर निघाल्यावर उघड्या भोकात फडकं कोंबूनच दांड्याला हात लावा.

गोदाकाठ
मोटर काढताना तिच्या दांड्याची किंवा पिनीची दिशा आहे तशी फोटो काढून ठेवा. परत बसवताना ती पिन काट्याच्या खाचेत बसायला हवी. न बघता बसवून स्क्रू आवळले तर नवीन मोटरसुद्धा पहिल्याच बटणाला जाम होते.

वसमतकर
फिटर साहेबांचं पटलं. आमच्याकडे जागा मोकळी असते म्हणून वेल्डिंग चालतं.

बालाघाटकर
निघाली! डोकं उडालं, मोटर वर आली, दांडा लॉक प्लासने फिरला आणि आटे शाबूत आहेत. तुम्ही सांगितलं तसंच झालं, ताण जाताच त्याचा अडेलपणा गेला.

मोटरचं झाकण उघडलं तर आत पुराचा गाळ वाळून बसलेला. प्लॅस्टिकचे गिअर धड आहेत, पण मोटरची बुशिंग (दांडा ज्यात फिरतो ती कडी) गंजून दांडा अडकला होता. बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, ब्रशवरचा कार्बन साफ, बुशिंगला थेंबभर ऑइल, गिअरला पांढरं ग्रीस. करंट दिला आणि फिरली. दोन्ही बाजूंना फिरली. नवीन मोटरची जी किंमत सांगितली होती ती ऐकून वडील गप्प झाले होते, आज त्यांनीच सगळ्यांना चहा केला.

आता दोन शंका. काट्याच्या भोकातून बोट घातलं तर ऑइल दुधट रंगाचं दिसतंय. आणि परत लावताना स्क्रू कोणते लावू? स्टेनलेसचे लावले तर गंजणार नाहीत ना?

वाळूज फिटर
दुधट म्हणजे पाणी गेलंय. आत्ताच बघितलंत हे फार चांगलं झालं, अजून एक पावसाळा तसाच गेला असता तर बेअरिंग गेले असते. खालचा बोल्ट काढून ऑइल गरम असताना पूर्ण गाळा. त्यासाठी आधी गाडी थोडी फिरवून आणा. नवीन थोडं ऑइल घालून चाकं हाताने फिरवा, तेही गाळा, मग मॅन्युअलमधलं माप भरा. अशा डिफरन्शियलला बहुतेक ८० डब्ल्यू ९० चं जीएल ५ गिअर ऑइल असतं, पण डिफ लॉक किंवा ओले क्लच असलेल्या गाडीला वेगळं लागू शकतं, म्हणून मॅन्युअल बघूनच भरा. आणि डिफरन्शियलवरून वर जाणारी बारीक रबरी नळी बघा. तीत काळी माती बसली की आतली हवा बाहेर जात नाही. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात उतरलं की ते आतल्या बाजूला ओढ घेतं आणि सीलमधून पाणी शोषतं. नळी साफ करून टोक टाकीजवळ, उंचावर बांधा.

पेचकस
स्क्रूबद्दल: अॅल्युमिनियममध्ये उघडं स्टेनलेस घालू नका. दोन धातू आणि ओल एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, तोच पांढरा भुगा तुम्हाला आता आट्यांत दिसला असेल. झिंक चढवलेले एलन कीचे बोल्ट घ्या, त्याच लांबीचे. एलन कीला खोल पकड असते, पुढच्या वेळी ही कसरत करावी लागणार नाही. जास्त लांब घेतले तर भोकाच्या तळाला टेकतात, मोटर आवळली गेल्यासारखी वाटते आणि ढिलीच राहते. आधी सहाचा टॅप, एक मिलिमीटर पिचचा, हलक्या हाताने फिरवून आटे साफ करा. नवे आटे पाडायचे नाहीत, फक्त साफ करायचे. मग आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) किंवा निदान कॉपर ग्रीस. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरात आवळला जातो, म्हणून हात आखडता ठेवा. ओ-रिंग नवीन टाका, जुनी चपटी झालेली असणार. माप नेऊन दिलं तर बेअरिंगच्या दुकानात मिळते.

उदगिरी
आता रानात गेला की नाही भाऊ? पाऊस झाला ना तिकडं?

बालाघाटकर
काल चांगला झाला. आज सकाळी खालच्या रानात नेली. बटण दाबलं, दिवा थोडा मिचमिचला, हळू पुढं घेत हँडल डावं-उजवं केलं आणि दिवा स्थिर झाला. वैरणीसकट नाल्याकाठून वर आली. फक्त एक झालं, वर मुरमाड पक्क्या वाटेवर टू व्हीलला टाकलं तरी दिवा जात नव्हता आणि हँडल जड लागत होतं. हा नवीन बिघाड आहे का?

वाळूज फिटर
बिघाड नाही. टणक जमिनीवर पुढची-मागची चाकं वळणात वेगवेगळं अंतर कापतात आणि मधल्या शाफ्टमध्ये पीळ साठतो. पीळ असताना दातेरी कॉलर मोकळी होत नाही. गाडी थांबवून थोडी मागं घ्या, पीळ सुटतो, कॉलरही सुटते. सवय अशी लावा: चिखलात शिरायच्या आधी थांबून फोर व्हील, चिखल संपला की थोडी मऊ जमीन असतानाच टू व्हील. आणि मागची चाकं जोरात फिरत असताना बटण दाबायचं नाही, त्याने दातांचे कोपरे उडतात. भाचा चालवत असेल तर त्यालाही हे बजावून सांगा.

मोसंबीवाला
पेढ्यांची नोंद अजून आहे.

बालाघाटकर
पेढे पक्के. जालन्याला पेचकस काकांच्या दुकानात पाठवतो, तिथून ज्याने त्याने घ्यावेत. सगळ्यांचे मनापासून आभार. गोदाकाठ ताई, तुमची बल्बची युक्ती भाच्याने वहीत लिहून घेतली आहे.

नाथसागर
पेचकस काका, धागा वर आलाच आहे तर विचारतो. आमच्या गाडीच्या हँडलवर ब्रेक ऑइलच्या डबीचे दोन छोटे चपट्या डोक्याचे स्क्रू आहेत, त्यातल्या एकाची फुली गेली आहे. तेही ड्रिलनेच?

पेचकस
तिथे आधी आशा जास्त आहे, कारण ते स्क्रू बारीक, बहुधा चार मिलिमीटरचे. योग्य बिट बसवा, मागून हातोडीचे हलके ठोके, मग हँडल घट्ट धरून दाबत फिरवा. हातोडीचा मोठा इम्पॅक्ट तिथे मारू नका, डबीचा पातळ कान तुटतो. नाहीच निघाला तर ड्रिल, पण डोकं बुडलेलं असल्याने आधी पंच नीट मध्यावर बसवा आणि ३ चंच ड्रिल वापरा. आटे गेले तर चारच्या टॅपला ३.३ चं भोक लागतं, त्याच्यावर जाऊ नका. झाकण जागेवर असतानाच ड्रिल करायचं, म्हणजे चुरा खालच्या ऑइलमध्ये पडत नाही. निघाल्यावर झाकणाची कड पुसूनच उचला. आणि खाली ओलं फडकं पसरून ठेवा, ब्रेक ऑइल सांडलं तर टाकीचा रंग उचलतं.